पाळीआधीचे दिवस

नवरात्र आठवड्यावर आलं की नाशिकच्या औषध दुकानांत एक गोळी हळू आवाजात मागितली जाते. कधी बाई स्वतः येते, कधी नवऱ्याच्या हाती मागच्या वेळचं रिकामं पाकीट देऊन पाठवते. घरी घट बसणार असतात, कालिकेच्या यात्रेला किंवा सप्तशृंगगडावर जायचं ठरलेलं असतं, आणि तारीख नेमकी त्याच दिवसांत येणार असते. म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी-गणपतीला तेच, घरच्या लग्नाला तेच. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या स्नानासाठीही तेच होईल.

या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, कारखान्यात बनवलेलं संप्रेरक आहे. रक्तस्राव सुरू होतो तो शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरल्यामुळे. बाहेरून तसंच संप्रेरक देत राहिलं की तो उतार येत नाही आणि पाळी थांबून राहते. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत येते. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. पण जिची तब्येत धडधाकट आहे तिच्याही शरीरात या गोळीने काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. छाती दुखणं, पोट फुगणं, मन उदास होणं हे या गोळीचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत, आणि पुष्कळ बायकांना पाळीआधी होतो तो त्रासही नेमका हाच. रक्तस्रावाचे चार दिवस टाळण्यासाठी पाळीआधीचे दिवस ताणून वाढवले जातात. ज्या बाईला महिन्यातले हेच दिवस सर्वांत जड जातात ती देवीपुढे सोवळ्यात राहावी म्हणून आणखी आठवडाभर त्याच अवस्थेत पुरण शिजवत राहते. त्याची दखल घरात कुणी घेत नाही, कारण घराच्या दृष्टीने तिची पाळी आलेलीच नसते.

आपलं सगळं लक्ष त्या चार दिवसांवर खिळलेलं आहे. कावळा शिवला, बाजूला बसली, अडचण आली हे सगळं बोलणं चार दिवसांचं. त्याविरुद्ध झालेल्या चळवळीही चार दिवसांच्या. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेली अस्मिता योजना शाळकरी मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देणारी होती. २८ मे हा दिवस जगभर मासिक पाळीच्या स्वच्छतेचा म्हणून पाळला जातो. पाळीच्या रजेचा वाद रंगतो, तोही त्याच दिवसांच्या रजेचा. यातलं काहीही कमी महत्त्वाचं नाही. पाळीत पोटात येणाऱ्या कळा हा खरा आणि वेगळा आजार आहे, त्याचं कारण निराळं आणि औषधही निराळं. पण प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, म्हणजे पीएमएस, रक्तस्राव सुरू झाला की ओसरू लागतो. जुन्या घरांत बाईला स्वयंपाकघरातून चार दिवस मोकळीक मिळे, ती तिचा हा त्रास संपत आल्यावर. त्याआधीचा आठवडा, दहा दिवस कुणाच्याच हिशेबात नव्हते आणि आजही नाहीत.

त्या दिवसांत होतं काय? अंग जड होतं, छाती भरून येते आणि साधा धक्काही सोसत नाही, पोट फुगून साडीची गाठ सैल करावी लागते. डोकं धरतं. झोप उडते, नाहीतर दिवसभर डोळ्यांवर झापड राहते. तिखट किंवा गोड खायची अनावर इच्छा होते. एरवी हसून सोडून दिलेल्या बोलण्यावर संताप येतो, क्षुल्लक कारणाने डोळे भरतात, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागतं. सगळ्यांना सगळं होत नाही. एकीचं शरीर बोलतं, दुसरीचं मन, तिसरीचं दोन्ही. आपल्या जिल्ह्यातल्या कामांशी हे ताडून पाहावं. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत येणाऱ्या टोळ्या एकराच्या ठेक्यावर द्राक्षाची विरळणी करतात. मांडवाखाली उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून, कात्रीने मणी काढायचे. दुखऱ्या छातीने असे हात उचलून दिवस काढणं काय असतं हे त्या बाईलाच ठाऊक. टोळीत एक हात कमी पडला तर ठेका सगळ्यांचा मागे पडतो, म्हणून ती बोलत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यात लाइनवर उभी असलेली मुलगीही बोलत नाही, बँकेच्या काउंटरवरची बाईही नाही.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अंडाशयात एक बीज पिकतं आणि इस्ट्रोजेन चढत जातं. साधारण मध्यावर बीज बाहेर पडतं. ज्या जागेतून ते सुटलं तिथे एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड पुढचे सुमारे चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि गर्भ राहिला नाही तर सुकून जातो. चक्र २१ दिवसांचं असो की ३५, फरक पडतो तो बहुधा पहिल्या भागात. दुसरा भाग सगळ्यांचा जवळपास सारखाच. पीएमएसचा मुक्काम या दुसऱ्या भागात असतो. बीजच बाहेर पडलं नाही तर पीएमएसही होत नाही. म्हणून गरोदरपणात आणि पाळी कायमची गेल्यावर तो नसतो.

वैद्यकाने हे लिहून ठेवायला विसावं शतक उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९३१ साली पाळीआधीच्या ताणावर निबंध लिहिला. १९५३ मध्ये लंडनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याला प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम हे नाव दिलं, कारण त्यात ताणाखेरीज बरंच काही असतं. हे ग्रीन १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर डॉक्टर म्हणून गेलेले, कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे थोरले भाऊ. डाल्टन यांची स्वतःची अर्धशिशी गरोदरपणात थांबली होती, आणि त्यावरूनच त्यांना प्रोजेस्टेरॉनचा धागा सापडला. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. शरीराबद्दल मराठीत उघड बोलणारं असं दुसरं मासिक नव्हतं. कर्वे १९५३ मध्येच वारले आणि मासिकही बंद पडलं. तिकडे या आजाराला नाव मिळालं त्याच वर्षी तो मराठीत समजावून सांगणारा माणूस गेला, ही आपल्या वाचकांची मोठी हानी होती असं मला वाटतं.

डाल्टन यांचा अंदाज असा की या बायकांत प्रोजेस्टेरॉन कमी पडतं, म्हणून ते द्यावं. त्यांनी ते आयुष्यभर दिलं. पण १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन आणि औषध नसलेली खोटी मात्रा यांत फरक दिसला नाही. खरा उलगडा पुढे झाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीएमएस असलेल्या बायकांना इंजेक्शन देऊन त्यांच्या अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवलं. बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिलं, तर त्रास परत आला. ज्यांना कधीच पीएमएस नव्हता अशा बायकांवरही हेच केलं, आणि त्यांच्या मनःस्थितीत काहीच बदल झाला नाही. हा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत संप्रेरकं तीच होती. वेगळा होता तो त्यांना मिळालेला मेंदूचा प्रतिसाद.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे पटकन कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांना जीए देतात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतीचं संप्रेरकच. पाण्याच्या दहा लाख भागांत त्याचे मोजके भाग, पण तेवढ्याने घडाचा देठ लांबतो आणि मणी फुगतो. थॉमसनच्या घडाला मानवतं ते प्रमाण क्रिमसनला मानवत नाही, पुढच्या हंगामाची घडधारणा त्यात मार खाते. द्रावणात दोष नसतो आणि वेलीतही नसतो, त्या वाणाची संवेदनशीलता निराळी असते. पीएमएस असलेल्या बाईचंही तसंच आहे. तिच्या रक्तातलं संप्रेरकांचं प्रमाण तपासलं तर ते शेजारणीइतकंच निघतं. म्हणून या त्रासासाठी दोन-चार हजारांच्या संप्रेरक तपासण्यांवर पैसा घालण्यात अर्थ नाही. रक्ताची अशी कुठलीच तपासणी नाही जी पीएमएस आहे की नाही ते सांगेल.

मेंदूत नेमकं काय घडतं याचाही बराच माग लागला आहे. प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या यंत्रणेवर ते काम करतं आणि बहुतेकींना त्याने निवांत वाटतं. काहींच्या मेंदूची या द्रव्याच्या चढउताराशी जुळवून घेण्याची रीत बिघडलेली असते, आणि त्यांच्यात तेच द्रव्य अस्वस्थता आणि चिडचिड वाढवतं. मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिनचा कारभारही या दिवसांत विस्कटतो. थोडक्यात, स्वभावाचा दोष म्हणून जे बाईच्या माथी मारलं जातं त्याचा मोठा भाग पेशींच्या पातळीवर घडत असतो.

याचं तीव्र रूप म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, पीएमडीडी. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये त्याला नैराश्याच्या आजारांत पूर्ण जागा दिली. यात चिडचिडीची पायरी ओलांडून बाई खोल निराशेत जाते, नाती तुटतील इतका संताप होतो, आणि जीव द्यावासा वाटण्याचं प्रमाण वाढतं. मग पाळी येते आणि दोन-तीन दिवसांत आभाळ निवळतं. निवळल्यावर आधीचं सगळं आपणच केलं याची शरम उरते. भारतातल्या अभ्यासांची एकत्रित मोजदाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पीएमएसचं प्रमाण सुमारे ४३ टक्के आणि पीएमडीडीचं ८ टक्के आलं. पण असे आकडे पुष्कळदा आठवणीवर भरलेल्या प्रश्नावल्यांतून येतात. जगभरच्या अभ्यासांतून रोजची नोंद ठेवून निदान केलेलेच तेवढे निवडले तर पीएमडीडी दीड टक्क्याच्या आसपास येतो. दीड टक्का म्हणजेही नाशिकसारख्या जिल्ह्यात हजारो बायका.

आठवण इथे फसवते, याचा सुंदर पुरावा डायान रूबल यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दिला. त्यांनी विद्यार्थिनींना यंत्राने तपासल्याचं भासवून काहींना सांगितलं की तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आली आहे, आणि काहींना सांगितलं की ती अजून आठवडाभर तरी दूर आहे. प्रत्यक्षात सगळ्या जणी साधारण सारख्याच टप्प्यावर होत्या. पाळी जवळ आल्याचं ज्यांना सांगितलं त्यांनी सूज आणि दुखणं जास्त नोंदवलं. यावरून कुणी म्हणेल की सगळं मनाचेच खेळ. तसं नाही. या प्रयोगाचा खरा धडा असा की त्रास ज्या दिवशी होतो त्याच दिवशी लिहून ठेवायला हवा, महिन्याने आठवून सांगू नये.

त्यासाठी लागणारं साधन मराठी घरात भिंतीवर टांगलेलंच असतं. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयच्या चौकटींत आपण दूध लिहितो, गॅस लिहितो, पाळीचा ठिपकाही कोपऱ्यात देतो. त्याच चौकटीत रोज रात्री त्या दिवसापुरतं लिहायचं: चिडचिड, रडू, झोप, छाती-पोट, आणि प्रत्येकापुढे शून्य ते तीन आकडा. घरच्यांनी वाचू नये असं वाटत असेल तर छोटी वही किंवा मोबाइल चालेल. पाळी सुरू झाली त्या दिवसावर रेघ मारायची. असे सलग दोन महिने. त्रास नाही त्या दिवशीही शून्य लिहायचं, कारण निदान त्या शून्यांवरच उभं असतं. रेघेच्या आधी आकडे चढले आणि रेघेनंतर काही दिवसांत शून्यावर येऊन निदान आठवडाभर तिथेच राहिले, तर तो पीएमएस. आकडे महिनाभर चढेच असतील आणि पाळीआधी थोडे आणखी चढत असतील, तर मुळात दुसरा आजार आहे आणि या दिवसांत तो उसळतो आहे. नैराश्य, अर्धशिशी, दमा, फेफरं हे सगळे असे उसळतात. महिनाभर टिकणारा थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता.

या नोंदीचा दुसरा उपयोग घराला आहे. बाईने आवाज चढवला की 'पाळी जवळ आली का?' असं विचारायची खोड पुष्कळ घरांत आणि कचेऱ्यांतही असते. पीएमएसबद्दलचं ज्ञान अशा रीतीने बाईचं तोंड बंद करायला वापरलं जाणार असेल तर ते न दिलेलंच बरं. नवऱ्याने पगार दारूवर उडवला आणि ती सव्विसाव्या दिवशी भडकली, तर भडकण्याचं कारण दारूच असतं. फार तर बाराव्या दिवशी गिळलेलं वाक्य सव्विसाव्या दिवशी गिळता आलं नाही, एवढंच.

उपाय आहेत, आणि ते लागू पडतात, हे ठासून सांगायला हवं. नियमित झोप आणि रोजचं चालणं यांनी सौम्य त्रास हलका होतो. १९९८ मधल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत जवळपास निम्म्याने उतरला. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचाही तीस टक्क्यांनी उतरला, हेही लक्षात घ्यावं. आपल्या पश्चिम पट्ट्यातली नागली कॅल्शियमने भरलेली आहे, शंभर ग्रॅममध्ये तीनशेच्या वर मिलिग्रॅम. ती चाचणी गोळ्यांची होती, भाकरीची नव्हती. पण नागली ताटात परत आली तर फायद्याचंच. बी-६ जीवनसत्त्व काहींना उपयोगी पडतं. मात्र ते मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते, म्हणून मनाने घेऊ नये. इव्हनिंग प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात, पण पीएमएसच्या नीट केलेल्या चाचण्यांत त्या टिकलेल्या नाहीत.

तीव्र त्रासावर सर्वांत भरवशाचं औषध म्हणजे सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या, फ्लुऑक्सेटिन किंवा सर्ट्रालिन. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, इथे तो काही दिवसांत येतो. म्हणून कित्येकींना त्या पाळीआधीच्या चौदा दिवसांपुरत्याच घेता येतात. 'वेड्याची गोळी' म्हणून या औषधांची धास्ती घेतली जाते. या गोळ्यांची नशा लागत नाही आणि त्या झोपेच्या गोळ्याही नव्हेत. दुसरा रस्ता म्हणजे बीज बाहेर पडणंच थांबवणाऱ्या ड्रोस्पिरेनोनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या. त्या डॉक्टरांनी तपासून द्यायच्या.

एका समजुतीची मात्र मला भीती वाटते. गर्भपिशवी काढली की सगळी कटकट मिटली, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. बीड जिल्ह्यात त्याची किंमत मोजली गेली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाणं, पोटदुखी, कॅन्सरची घातलेली भीती अशी कारणं होती, आणि मागे उभा होता तो खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. त्या शस्त्रक्रिया पीएमएससाठी झालेल्या नव्हत्या, पण बाईच्या दुखण्याचं मूळ गर्भपिशवीत शोधायची सवय तीच. पीएमएसचं मूळ तिथे नाहीच. ते अंडाशय आणि मेंदू यांच्या देवाणघेवाणीत आहे. गर्भपिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर रक्तस्राव थांबतो, चक्र चालूच राहतं, आणि त्याबरोबर पाळीआधीचा त्रासही. फक्त तो कधी येणार हे सांगणारी आणि आला की सोडवणारी खूण नाहीशी होते. अंडाशयही काढले तर तरुण वयात पाळी गेल्याचे सगळे परिणाम, हाडांची झीज धरून, अंगावर येतात.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. उरलेल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाळीआधीच्या दिवसांबद्दल आजही असंच आहे. दवाखान्यात शेवटची पाळी कधी आली हे हमखास विचारतात, त्याआधीचे दहा दिवस कसे गेले हे क्वचितच. महाराष्ट्रातल्या बहुतेक नव्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पदव्यांवर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव असतं. हा एक जादा प्रश्न विचारायची सवय लावायची तर तिची सुरुवात आपल्या शहरातूनच होऊ शकते.

तोवर बाईने वही घेऊनच जावं. दोन महिन्यांच्या नोंदी स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवाव्यात, पाळी पुढे ढकलायची गोळी कधी घेतली होती का आणि तिने मन बिघडलं होतं का, तेही सांगावं. बाळंतपणानंतर उदासी आली असेल तर ती सांगावी. चाळिशी ओलांडल्यावर त्रास वाढला असेल तर पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर असं होतं, पण म्हणून तो सोसायलाच हवा असं नाही. जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन महिने नोंदी करत थांबू नये. त्याच दिवशी घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगावं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडून काय होतंय असं विचारलं की बाकी सांगतानाच पाळी किती दिवसांवर आहे, तेही सांगावं.